आईचं उड्डाण आणि अर्धा इंच

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (कंबरेवर हात ठेवून जेवढं वाकता येतं तेवढं वाकले आहे, बाकीचं तू मनानं समजून घे.) तुझा रक्तदाब कसा आहे? गोळी रोज घेतोस, की आठवण झाली की घेतोस? वहिनीची दाढ काढली, की ती अजून दंतवैद्याला हुलकावण्याच देते आहे? इकडे सगळं ठीक. गुडघे सोडले तर आई ठणठणीत आहे. तुझे मेव्हणे निवृत्त झाल्यापासून घरात प्रत्येक गोष्टीवर मत देतात, तेवढं सोडलं तर तेही ठणठणीत आहेत. माझं दुकान चालू आहे. लोकांच्या घरांना खिडक्या आहेत आणि समोर शेजारी आहेत, तोवर पडदे शिवणाऱ्या बाईला मरण नाही.

पत्र बघून तू म्हणशील, हिच्याकडे फोन नाही का? आहे. पण गेले चार महिने मी फोन केला की तू एकदा 'हं' म्हणतोस, मग दुसऱ्यांदा 'हं' म्हणतोस आणि फोन वहिनीच्या हातात देतोस. पत्राला 'हं' म्हणून सुटता येत नाही. तू रागावला आहेस हे मला ठाऊक आहे, आईलाही ठाऊक आहे, आणि तिच्या मते चूक सर्वस्वी माझी आहे. तू तीन दिवसांसाठी आलास आणि मी तुला 'दादा, जरा बाजूला हो' असं निदान वीस वेळा म्हणाले. एकविसाव्या वेळी तू 'होतो बाजूला' म्हणालास, बॅग भरलीस आणि एक दिवस आधीच निघून गेलास. तुला बाजूला का व्हायला सांगत होते, ते तेव्हा सांगायला सवड झाली नाही. आता सविस्तर सांगते. चष्मा लाव आणि नीट टेकून बस.

त्याचं असं झालं. आई सहा वर्षांत गच्चीवर गेलेली नाही. तीन जिने तिच्या गुडघ्यांना आता झेपत नाहीत. वर्षभरापूर्वी एकदा खिडकीत बसल्या बसल्या ती सहज म्हणाली, की वरून आपली गल्ली कशी दिसते ते आता आठवेनासं झालंय. तिनं काही तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, पण मला ते लागलं. ह्यांचं मत पडलं, की तिला खुर्चीसकट उचलून वर न्यावं. आईनं ह्यांच्या पाठीकडे एकवार बघितलं आणि नको म्हणाली. मग मी ठरवलं, की आपण सिनेमा काढायचा. आई खोलीत खुर्चीवर बसली आहे, खुर्ची हळूच वर उचलली जाते, खिडकीतून बाहेर पडते, गल्लीवर एक चक्कर मारते आणि चहाच्या वेळेला घरी परत येते, एवढीच गोष्ट. लोक पडद्यावर अख्खी शहरं पाडतात. मला एक म्हातारी बाई उडवायची होती, तीही बसल्या जागी.

आता हे शिकवणार कोण? संगणकावर एक मास्तर सापडला. तो कोण, कुठला, मला माहीत नाही, पण गेले सात महिने रोज दुपारी दुकान बंद करून मी त्याच्यासमोर वही घेऊन बसते. प्रत्येक धड्याची सुरुवात तो 'हे अगदी सोपं आहे' अशी करतो. (त्या शब्दांचा आता मी धसकाच घेतला आहे. दंतवैद्य 'मुळीच दुखणार नाही' म्हणतो ना, त्यातलीच गत.) तर त्याचा पहिला धडा असा, की माणसाला हिरव्यागार कापडासमोर बसवून त्याचं चित्रण करायचं. मग संगणकाला सांगायचं, हिरवं तेवढं काढून टाक. तो काढतो, माणूस तेवढा उरतो, आणि त्याच्यामागे आपल्याला हवं ते चित्र लावता येतं. कापड म्हटल्यावर माझी कळी खुलली. म्हटलं, मास्तर, आता तुम्ही बसा आणि मी दाखवते.

आणि तिथंच मी हात दाखवून अवलक्षण केलं. उत्तम हिरवं कापड आणलं आणि त्याचा असा पडदा शिवला, की अठ्ठावीस वर्षांत तसा शिवला नव्हता. तीन-तीन बोटांच्या एकसारख्या चुण्या, खाली वजनाची पट्टी, मागून अस्तर. आईला पुढ्यात बसवलं, चित्रण केलं, संगणकाला म्हटलं हिरवं काढ. त्यानं चुण्यांचे उंचवटे काढले आणि मधल्या सावल्या तशाच ठेवल्या, कारण सावलीतलं हिरवं त्याच्या लेखी हिरवं नव्हतंच. आई गल्लीवरून उडाली खरी, पण मागे उभे काळे गज घेऊन. तुरुंग आईला घेऊन पळाल्यासारखं दिसत होतं. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला दाखवलं, तर तो म्हणाला, ताई, कापड सपाट हवं, एकही सुरकुती नको. म्हणजे माझ्या सगळ्या कलेची किंमत शून्य, आणि कुणीही उठून चार खिळ्यांना ताणून लावलेलं कापड बरोबर! दोन दिवस मी स्वतःच्या हातानं त्या चुण्या उसवत होते आणि कुणाशी बोलत नव्हते.

पुढच्या वेळी आईनं पायांवर तिची शेवाळी रंगाची शाल घेतली होती. संगणकानं इमानदारीनं तीही काढली, आणि शालीबरोबर आईचे दोन्ही गुडघे गेले. मी कपाळाला हात लावला, पण आई पडद्याकडे बघून म्हणाली, "गेले ते बरंच झालं, ठेव तसंच." फार मिनतवाऱ्या करून तिला तपकिरी शाल घ्यायला लावली. मग उजेडाची भानगड निघाली. मास्तरचं म्हणणं असं, की माणसावरचा उजेड आणि मागच्या चित्रातला उजेड एकाच बाजूनं यायला हवा. आमच्या खोलीची खिडकी आईच्या उजवीकडे आणि गल्लीतलं ऊन डावीकडून. म्हणून मी आईची खुर्ची फिरवली. उजेड जुळला, पण आई आता पाठमोरी उडायला लागली. त्यावर आईचं उत्तर तयार होतं, की ती आयुष्यभर मागे वळून आपल्या दोघांकडे बघतच पुढे गेली आहे, त्यात नवं काय. शेवटी ह्यांना आरसा धरून उभं केलं, म्हणजे खिडकीतला उजेड दुसऱ्या बाजूनं आईवर पडेल. ह्यांनी एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातात टेबलफॅन (हवेत उडताना केस हलायला नकोत का?) धरून पाऊण तास मत न देता काढला. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, असा पाऊण तास मी प्रथमच पाहिला. पंख्यानं आईला एक शिंक आली, ती मी सिनेमात ठेवली आहे. नेमकी ती वेशीवरच्या पाण्याच्या टाकीवरून जात असताना येते आणि फार छान दिसते.

एवढं करूनही आईच्या पांढऱ्या केसांवर कापडाचा हिरवा रंग पडून ते कापडात मिसळून जात, म्हणून मास्तरनं सांगितलं, की अशा जागी हातानं माणसाची कड आखून घ्या, अगदी सोपं आहे. सिनेमाच्या एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात, दादा. पंचवीस! प्रत्येकात आईभोवती कड आखायची. मी दोन महिने दुपारी दुपारी आईच आखत होते. एव्हाना तिच्या कानाची पाळी मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक झाली आहे, आणि डावी भुवई तुझ्यासारखी जरा वर चढलेली आहे हे मला या वयात कळलं. सगळं जोडून चालवून बघितलं, तर आईभोवती सगळीकडून हिरवी प्रभावळ! देवी प्रकट झाल्यासारखी आई गल्लीवरून चालली होती. फोटोवाला पुन्हा आला, बारकाईनं बघितलं आणि विचारलं, ताई, कड जराशी बाहेरून आखलीत का? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी प्रत्येक चित्रात, न चुकता, शिवणीत जाईल म्हणून अर्धा इंच जास्त सोडलं होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. अर्धा इंच न सोडता कापायला माझा हात धजेचना. आईला आईच्या मापानं कापायचं म्हणजे पुढं कधी सैल करायची वेळ आली तर काय करायचं, असंच आतून वाटत राहिलं. पण केलं. सगळी कड पुन्हा आखली.

शेवटचा धडा पुसण्याचा. चित्रात नको असलेली वस्तू निवडायची आणि तिच्या जागी शेजारचाच रस्ता किंवा भिंत भरायची. ही विद्या हाती आली आणि माझ्या अंगात आलं म्हण. विजेच्या तारा पुसल्या, फुटकी बादली पुसली, समोरच्याची स्कूटर पुसली, भिंतीवरचा डाग पुसला. आपली गल्ली इतकी स्वच्छ कधी कुणी बघितली नसेल. आणखीही एकदोन गोष्टी पुसल्या.

गेल्या रविवारी सिनेमा टीव्हीवर लावून आईला दाखवला. तीन मिनिटं अकरा सेकंद. आईनं दोनदा बघितला, शिंकेला हसली, आणि गच्चीवरून दिसणारी बेकरीची चिमणी अजून तशीच आहे म्हणून तिला फार आनंद झाला. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, पोरी, फिरून आल्यासारखं वाटलं. दादा, चौपन्न वर्षांच्या बाईला 'पोरी' म्हणणारं माणूस घरात आहे आणि आपण तिला उडवू शकलो, याहून जास्त मला काही नको. मी अगदी सुखात आहे. तुम्ही दोघांनी तब्येती सांभाळा. लोभ आहेच, तो अर्धा इंच सैल सोडलेला आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
धाकटी

ता. क. : आईला एक लहानशी शंका आली, ती सांगायची राहिली. गल्लीचं चित्रण मी तू आलास त्याच दिवसांत करत होते, म्हणून तर सारखं 'बाजूला हो' चाललं होतं; गच्चीवरून केलं ते तू गेलास त्याच दिवशी, त्याच वेळी. पुसलेल्या एकदोन गोष्टींपैकी एक तू आहेस. तू दारासमोर बॅग घेऊन मधोमध उभा होतास, आईची खुर्ची नेमकी तिथून जायची होती, म्हणून तुला काढून रस्ता भरला. पण सावली पुसायची राहिली. दुसऱ्यांदा बघताना आईनं विचारलं, ही सावली कुणाची? मग तिनं सांगितलं, की तू निघताना दीडेक मिनिट खाली उभा राहून तिच्या खिडकीकडे बघत होतास, ती हात हलवत होती, पण काचेवर ऊन होतं, तुला दिसलं नसेल. मी वर उभी राहून फक्त फोनमध्ये बघत होते. मला त्यात तू दिसलासच नाहीस, अडथळा दिसला. दादा, मला फार वाईट वाटलं. चुकले मी. आई म्हणते, त्याला परत घाल, नाहीतर हा सिनेमा कुणाला दाखवायचा नाही. मूळ फाइल मी जागा करायला पुसून टाकली आहे. तेव्हा येऊन दीड मिनिट त्याच जागी उभा राहा. या वेळी बाजूला हो म्हणणार नाही.

ता. क. दुसरा : करडा शर्ट आण, तोच. बॅगही तीच. दुपारी तीनच्या आत पोच, नाहीतर सावली जुळत नाही. आई खिडकी उघडी ठेवून बसणार आहे, काचेचा प्रश्नच नको.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार एवढ्यात फोटोवाला येऊन गेला. मी त्याला मागे सगळं बघायला दिलं होतं, त्यामुळे मूळ फाइल त्याच्याकडे निघाली. त्यात तू अख्खा आहेस, बॅगेसकट. आई म्हणाली, हे त्याला मुळीच कळवू नकोस, मग तो यायचा नाही. तिचं म्हणणं मला पटलं, म्हणून हे मी तुला कळवत नाही.