सौ.च्या माहेरचं वांगं आणि माझी कागदी कुंडी

११ ऑगस्ट १९५७, रविवार

या कॉलनीत बागकाम कोणालाही येत नाही, हे आज नक्की झालं. समोरच्या क्वार्टरमधले अर्जुनराव कंपनीत साधे स्टोअरकीपर, पण कंपनीबाहेर स्वतःला शेतकी अधिकारी समजतात. डालड्याच्या डब्यात रोपं करतात आणि लावायच्या वेळी डबा उलटा धरून बडवतात. अर्धी मुळं डब्यातच राहतात. त्यांना सांगून उपयोग नाही.

ऑफिसात आलेल्या एका इंग्रजी मासिकात कागदी कुंडीबद्दल वाचलं. जुन्या वर्तमानपत्राची कुंडी करायची, तीत बी टाकायचं, रोप झालं की कुंडीसकट जमिनीत पुरायचं. कागद आपोआप कुजतो, मुळाला धक्का लागत नाही. इतकं सोपं आहे, म्हणूनच पिंपरीत कोणाला सुचलं नसावं.

सौ.कडे वांग्याचं बी मागितलं. तिच्या माहेरचं, कृष्णाकाठचं. राख लावून, पुरचुंडीत बांधून देव्हाऱ्यामागे ठेवलेलं. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या, मेव्हण्यांनी सगळ्या रानात ऊस लावला, त्यामुळे हे बी आता फक्त आपल्याच घरात आहे, असं तिने मला पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, म्हणूनच ते शास्त्रीय हातात पडायला हवं. शेवटी तिने निम्मं दिलं. उरलेलं याचं काय होतं ते बघून, म्हणाली. बायकांना प्रयोगाची भीती वाटते.

१३ ऑगस्ट

पितळी पेल्याभोवती कागद गुंडाळायचा, बूड आत दुमडायचं, पेला ओढून काढायचा. पहिल्या काही कुंड्या पेल्याबरोबर बाहेर आल्या. नंतर हात बसला. माती, शेणखत, बी. व्हरांड्यात रांग लावली. अर्जुनराव कुंपणावरून म्हणाले, काय राव, चुरमुऱ्याचं दुकान टाकताय का? अशा माणसाला पगारवाढ मिळते.

१७ ऑगस्ट

पाणी घातल्यावर कुंड्या खाली बसल्या. चिखल उंबऱ्यापर्यंत. दोष वर्तमानपत्राचा. हल्ली त्यांच्या मजकुरात दम नाही, कागदात कुठून असणार. सौ. दुपारभर चिखलातून बी वेचत होती. थोडं मिळालं.

१९ ऑगस्ट

उपाय सापडला. खळ. गव्हाच्या पिठाची, घट्ट शिजवलेली. कुंड्या आता हलवल्या तरी हलत नाहीत. वेचलेलं बी त्यांत लावलं. सौ.ने पिठाचा डबा उघडून पाहिला आणि झाकण लावलं. तिला पटत चाललं आहे.

२२ ऑगस्ट

उंदीर. खळ खाल्ली, कागद खाल्ला, बीसुद्धा ठेवलं नाही. अर्जुनरावांच्या घरात ज्वारीचं पोतं असताना उंदरांनी इकडे यावं यात मला शंका येते. सौ. जेवली नाही. उपवास असावा.

१ सप्टेंबर, रविवार

जाड कागद हवा. स्टेशनजवळ इनायतचं किराणा दुकान आहे, तिथे गेलो. माळ्यावर कॅलेंडरांचा गठ्ठा दिसला. गेल्या सालची, लक्ष्मीच्या चित्राची, वाटून उरलेली. गुळगुळीत, पुठ्ठ्यासारखा कागद. मी म्हटलं, याच्या पुड्या का बांधत नाहीस? तर म्हणे, साहेब, तुमचा देव हाय, त्यात मिरची कशी बांधू? टाकून तरी कुटं देऊ? म्हणून ठेवून दिलाय. वर्षभर चांगला कागद धूळ खातोय आणि हा दुकानदारी करतो. मी गठ्ठा मागितला तेव्हा त्याने दोनदा विचारलं, नीट ठेवाल ना? मी म्हटलं, आमचा देव आम्हाला कळतो.

चित्र आत आणि कोरी बाजू बाहेर घेतली. उगाच घरात प्रश्न नकोत. पांढऱ्याशुभ्र, ताठ कुंड्या. सौ. दळण घेऊन गिरणीत गेली होती, तेवढ्यात पुरचुंडी सोडली. विचारलं असतं तर तिने दिलंच असतं, मग विचारण्यात वेळ का घालवावा? सगळं बी लावलं. शास्त्रात अर्धवटपणा चालत नाही.

११ सप्टेंबर

कोंब आले. जवळजवळ प्रत्येक कुंडीत.

आजच सौ.ला पुरचुंडी रिकामी सापडली. म्हणाली, मला विचारायचं होतं. मी तिला व्हरांड्यात नेऊन कोंब दाखवले. ती उकिडवी बसून एकेक कुंडी बघत राहिली. मग मला म्हणाली, आता यांना तुम्ही हात लावू नका, पाणी मी घालते. म्हणजे अखेर तिने प्रयोगात भाग घेतला.

२९ सप्टेंबर, रविवार

रोपं वीतभर. देठ जांभळे, पानं जाड. क्लबच्या फळ्यावर नोटीस लावली: 'कागदी कुंडी, व्याख्यान आणि प्रात्यक्षिक, रविवार ६ ऑक्टोबर, सकाळी आठ वाजता.' मॅनेजरसाहेब येणार आहेत. अर्जुनरावांनी नोटीस वाचली आणि आईला घेऊन येतो म्हणाले. त्यांची आई अंबूबाई. भोसरीची म्हातारी, अक्षरशत्रू. तिला व्याख्यानात काय कळणार, पण येऊ दे. गर्दी दिसते.

६ ऑक्टोबर, सकाळी

पेपरात बातमी: रशियाने आभाळात नवा चंद्र सोडला. मी त्या देशात जन्मायला हवा होतो.

६ ऑक्टोबर, दुपारी

व्याख्यान उत्तम झालं. डालड्याच्या डब्यावर बोललो तेव्हा अर्जुनराव खाली बघत होते. मग खड्डा केला आणि कुंडी उचलून म्हटलं, आता ही जशीच्या तशी पुरायची. महिनाभर पाणी प्यालेला कागद त्याच वेळी जोडावर सुटला आणि उलगडला. लक्ष्मी. गळ्याभोवती माती, कमळातून मूळ बाहेर आलेलं.

पुढच्या रांगेतून अंबूबाई उठली. म्हणाली, थांब रं बाबा, द्येव हाय तो. द्येव मातीत पुरत्यात व्हय? मी म्हटलं, आजी, हा कागद आहे. ती म्हणाली, मग पाय ठिवून दाव की.

मी पाय ठेवला नाही. ठेवणार होतो, पण तेवढ्यात मॅनेजरसाहेबांनी बूट काढले आणि हात जोडले. बी. एस्सी. झालेला माणूस. मग सगळ्यांनीच चपला काढल्या आणि व्याख्यान संपलं.

८ ऑक्टोबर

सगळ्या कुंड्या पाटावर मांडून ठेवल्या आहेत. कॉलनीतल्या बायका येऊन हळदकुंकू वाहतात. कालच्यापेक्षा आज गर्दी जास्त. एकीने अगदी रोपाच्या बुंध्याशी उदबत्ती खोचली. कुंडी पुरू देत नाहीत, फाडू देत नाहीत. कुंडीचा सगळा फायदा ती पुरण्यात आहे, हे मी चार जणींना समजावलं. त्यांनी मला प्रसाद दिला.

इनायतकडे गेलो. उरलेला गठ्ठा परत घे म्हटलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची साखर तोलायला लागला.

१० ऑक्टोबर

रोपं पिवळी पडायला लागली. मुळं कागदातून बाहेर येऊन वाळतात. अंबूबाईचा निकाल असा की समदं पवनामाईला सोडायचं, द्येवासंगं जे हाय ते बी. रोपांसकट. आणि कॉलनीभर माना डोलल्या.

सौ. कधी चारचौघांत बोलत नाही. आज म्हणाली, अंबूआत्या, कागद देवाचा आहे, रोप माझ्या आईचं आहे. रोप मी सोडणार नाही. म्हातारी म्हणाली, तुझं बी खरंच हाय म्हणा. मी हेच दोन दिवस सांगत होतो, पण माझं कोण ऐकतं?

१३ ऑक्टोबर, रविवार

पवनेवर, चिंचवडच्या घाटावर गेलो. पाट माझ्या डोक्यावर. पुढे अंबूबाई, मागे बायका, शेवटी अर्जुनराव छत्री धरून. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. छत्री कशाला, हे त्यांनाच माहीत.

सौ. गुडघाभर पाण्यात उभी राहिली. एकेक कुंडी ओंजळीत भिजवून कागद अलगद सोडवायची, मूळ धुवायची आणि रोप ओल्या फडक्यात ठेवायची. मुळं पार उघडी. माझ्या प्रयोगाच्या इतकं विरुद्ध काम मी पाहिलेलं नाही. कागद पाण्यावरून गेले. मी म्हटलं, आता घरी वाफा करतो, यांना शास्त्रीय पद्धतीने लावू. ती म्हणाली, नको. इनायतची बायको ताजुन्निसा काठावर उभी होती. त्यांच्या दुकानामागे विहीर आहे आणि वाफा तयार होता. हे दोघींनी कधी ठरवलं ते मला कोणी सांगितलं नाही. फडकं तिच्याबरोबर गेलं.

१२ जानेवारी १९५८, रविवार

इनायतकडून टोपलीभर वांगी आली. पांढऱ्या रेघांची, काटेरी देठाची. सौ.ने भरून केली. खाताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखट जास्त झालं असणार. मी म्हटलं, शेवटी माझ्याच कुंडीतली रोपं ही. पहिला महिना निर्णायक असतो. यावर एक लेख लिहिणार आहे. मथळा ठरला आहे.

लेखासाठी पुन्हा प्रयोग लागेल. या खेपेला मेणकागद. बी लागेल.

२ मार्च, रविवार

गेले आठ दिवस सौ. रोज दुपारी इनायतकडे जात होती. बीसाठी दोन वांगी झाडावरच पिवळी होऊ दिली होती. त्यांचं बी काढलं, धुतलं, सावलीत वाळवलं, राख लावली. काम आज संपलं, हे तिने आल्यावर सांगितलं. हात रिकामे होते.

मी विचारलं, बी कुठे आहे? म्हणाली, ताजुन्निसाकडे ठेवलं.

मी म्हटलं, का? आपल्या घरात पुरचुंडीभर जागा नाही का?

जागा आहे, म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. ती आणखी काही बोलेल म्हणून मी बसून राहिलो.