विल लावलं की झालं

५ जानेवारी
संकल्प: महिन्याच्या आत इंग्रजी. गोरेगाव ऑफिसात सुपरवायझरची जागा निघालीय. इंटरव्ह्यू २७ला, इंग्रजीत. बारा वर्षं डिस्पॅचला उभं राहून काढली, आता केबिन. सुरुवात भविष्यकाळापासून; भूतकाळ होऊन गेला. लेक अक्षता म्हणाली, सोप्पंय बाबा, क्रियापद जसंच्या तसं ठेव, आधी विल लाव. तीन मिनिटांत काळ संपला.

८ जानेवारी
सराव. ‘आय विल वेक अप अ‍ॅट फाइव्ह.’

९ जानेवारी, सकाळी ८.१०
पाचला उठलो नाही. वाक्य मात्र बरोबर होतं.

१३ जानेवारी
‘साहेब विल गोज’ लिहिलं. अक्षताने लाल केलं. विलनंतर एस नाही, ईडी नाही. मी म्हटलं, साहेबांना नुसतं गो कसं म्हणू? मानाचा एस आहे तो. तिने कपाळावर हात मारला.

१७ जानेवारी
सुगंधा म्हणाली, गिझरवाल्याला फोन करा हो, गारठले मी. ‘आय विल कॉल हिम.’ ती म्हणाली, दिवाळीपासून हेच ऐकतेय, आज इंग्रजीत. प्रगती बायकोलाही जाणवतेय.

२२ जानेवारी
तयारी पूर्ण. अक्षता म्हणते, मराठीत विचार करून बोलू नकोस. मी विचार करतच नाही.

२७ जानेवारी, संध्याकाळ
इंटरव्ह्यू अकराला होता. इस्त्रीत वेळ गेला. अकराला पाच कमी, मी घाटकोपर मेट्रोच्या जिन्यावर, आणि गोरेगावहून साहेबांचा फोन. कुठे आहात, इंग्रजीत. मला ‘आलोच’ म्हणायचं होतं. ठणकावून म्हटलं, ‘सर, आय केम.’ त्यांनी रिसेप्शन पाहिलं, कँटीन पाहिलं, शिपायाला टॉयलेटमध्ये हाका मारायला लावल्या. पुन्हा फोन. मी अंधेरीत. ‘सर, आय रीच्ड.’
बाराला पोचलो. साहेब मराठीच निघाले. म्हणाले, अहो, आलोच म्हणजे यायचंय, हे मला कळतं हो. चेन्नईच्या पार्टीला ‘माल रीच्ड’ सांगाल, तो बिचारा गोडाऊन उघडून बसेल! ‘आय विल कम’ म्हणायला काय झालं होतं?
मी लगेच म्हटलं, ‘सर, आय विल से.’ बिनचूक.

२८ जानेवारी
मेल आला. ‘वी विल लेट यू नो.’ तपासलं. एस नाही, ईडी नाही. शुद्ध भविष्यकाळ! आनंदाने सुगंधाला दाखवलं. ती म्हणाली, हे तुमचं गिझरवालंच विल आहे.
मग खरंच फोन लावला गिझरवाल्याला.
म्हणाला, आलोच.

१ फेब्रुवारी
आंघोळ गार पाण्याने.