दार उघडायचं नाही

४ ऑगस्ट
माझी बहीण मॅक्सीन शेवटी कबूल झाली. बाबांचा जुना पिकअप ट्रक मला देणार. अट एकच, तीही हास्यास्पद. रेसीडातल्या तिच्या हॉट योगाच्या क्लासला जायचं आणि एक क्लास, फक्त एक, दार न उघडता पूर्ण करायचा. दीड तास. म्हटलं, योगाच का? म्हणाली, कळेल. पुढे म्हणाली, अरे, तू आजवर काही शेवटपर्यंत केलंयस का? वेल्डिंगचा कोर्स सोडलास, मधमाश्या सोडल्यास, ओहायोत ती बिचारी डॉटी सोडलीस. मधमाश्या मी सोडल्या नव्हत्या, त्या स्वतः गेल्या. पण बोललो नाही. मोठेपणा.

प्लॅन: उद्या क्लास, परवा ट्रक, रविवारपर्यंत ओरेगॉन. तिथे मित्राच्या, ऑर्विलच्या, बोटीवर काम आहे. बाबा दर ऑगस्टला याच ट्रकने आम्हाला उत्तरेला मासे पकडायला न्यायचे. घाटात शर्ट काढून, लालबुंद होऊन चालवायचे. मी मागे झोपलेला असायचो. हा ट्रक माझ्या रक्तात आहे.

खोली म्हणे एकशे पाच डिग्री फॅरेनहाइट असते. बाहेर आजच एकशे तीन आहे. दोन डिग्रीला घाबरणाऱ्यातला मी नाही.

५ ऑगस्ट, सकाळ
ताकद हवी म्हणून अंड्याचा आणि बीन्सचा बुरीटो खाल्ला. मोठा. मग अजून अर्धा.

५ ऑगस्ट, दुपार. पार्किंगमध्ये.
शांत डोक्याने लिहितोय.

टीचरचं नाव इन्ग्रिड. म्हणाली, नवीन माणसाला एकच काम, खोलीत राहायचं. उभं राहवत नसेल तर बसा, बसवत नसेल तर आडवे व्हा, पण बाहेर जायचं नाही. म्हटलं, एवढंच? हे फर्निचरलाही जमतं.

पहिल्या रांगेत आरशासमोर मस्त जागा रिकामी होती. घेतली. शेजारी मिसेस पेट्रोसियान म्हणून एक आर्मेनियन आजीबाई, सत्तरीच्या पुढच्या. म्हणाल्या, जान, ही जागा जुन्या लोकांची. मागचे नवे लोक पुढच्याचं बघून करतात. (सगळ्यांनाच जान म्हणतात. मी हुरळलो नाही.) मी म्हटलं, मागच्यांची काळजी माझ्यावर सोडा. त्यांनी खांदे उडवले.

तिसऱ्या आसनाला बुरीटो बोलायला लागला. मी प्रतिष्ठेने, हात वर केलेलेच ठेवून, बाहेर पडलो. पुढे झालं त्यात माझा दोष नाही. मागचे तीन नवे लोक माझंच बघून करत होते. त्यांना वाटलं बाहेर जाणं हे चौथं आसन. तिघेही हात वर करून एकामागून एक माझ्या पाठोपाठ कॉरिडॉरमध्ये. विचारायला लागले, आता काय? म्हटलं, श्वास घ्या.

निष्कर्ष: माझ्यात नेतृत्वगुण आहेत. इन्ग्रिडने यापुढे शेवटच्या रांगेत उभं राहायला सांगितलंय.

९ ऑगस्ट
सराव. मॅक्सीनच्या बाथरूममध्ये गरम शॉवर सोडून दार लावून बसलो. सुंदर वाफ झाली. तेवढ्यात दुसऱ्या बाथरूममधून मॅक्सीन ओरडली, लाइल, गरम पाणी संपलं, मी साबणात उभी आहे! सराव थांबवावा लागला. माझी तयारी होती, घरच्यांची नव्हती.

मग गॅरेजमध्ये जुना काचेचा फिशटँक सापडला. उरलेला दिवस कासवं पाळण्याच्या विचारात गेला. विषय मोठा आहे.

१० ऑगस्ट
उपाशी गेलो. शास्त्र असं की शरीरात पाणी हवं. म्हणून निघण्याआधी दोन मोठ्या बाटल्या पाणी प्यायलो. शास्त्र बरोबर आहे, पण ते सगळं एकदम प्यायचं नसतं. दार उघडलं. मी नाही, ब्लॅडरने.

क्लास सुटल्यावर मिसेस पेट्रोसियान म्हणाल्या, लाइल जान, पुढच्या वेळी दाराजवळच चटई टाक, तेवढाच आम्हाला वारा. बाईंना माझा हेवा वाटतो.

१२ ऑगस्ट
मॅक्सीन म्हणाली, रविवारी संध्याकाळी ट्रक बघायला गिऱ्हाईक येणार. बेकर्सफील्डचा माणूस आहे, शेळ्या नेण्यासाठी हवाय त्याला. म्हटलं, बाबांच्या ट्रकमध्ये शेळ्या? म्हणाली, शेळ्या निदान जिथे नेऊ तिथे राहतात.

जाऊन ट्रकमध्ये बसलो. पुढच्या कप्प्यात बाबांचा गॉगल अजून आहे. एक दांडी तारेने बांधलेली. घालून बघितला. परत ठेवला.

१३ ऑगस्ट, शनिवार. जिंकलो!!!
मिसेस पेट्रोसियानांनी दारातच मनगट पकडलं. स्वतःची पुढची जागा सोडून मागच्या कोपऱ्यात, दारापासून सगळ्यात लांब, दोघांच्या चटया टाकल्या. म्हणाल्या, जान, तू काही करू नकोस. आडवा हो. एवढा अपमान माझा कोणी केला नव्हता. त्यावर वाद घालायचा म्हणून आधी आडवा झालो. त्यानंतरचं एकदम आठवतं ते असं की दिवे मंद झालेत आणि इन्ग्रिड सांगतेय, आज लाइल खोलीत राहिला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं मी घोरत होतो. त्याला समाधी म्हणतात. लोकांचा अभ्यास नसतो.

मॅक्सीनने किल्ली हातावर ठेवली. म्हणाली, घाटात बाबा चालवायचे तसा चालव. आठवतंय ना? म्हटलं, म्हणजे काय! (तेव्हा मी झोपलेलो असायचो. तपशील आहे.)

१४ ऑगस्ट, रविवार, सकाळ
निघालो. बाबांचा गॉगल घातलाय. आता मागे वळून बघायचं नाही.

१४ ऑगस्ट, दुपार. घाटात, रस्त्याच्या कडेला.
घाट लागला आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर. बॉनेटमधून वाफ. कडेला घेतला. एक ट्रकवाला थांबला, पाणी ओतलं आणि म्हणाला, हीटर लाव. म्हटलं, काय? म्हणाला, हीटर रे भाऊ, फुल! इंजिनची गरमी आत घेतो तो. काचा खाली कर आणि माथ्यावर पोचेपर्यंत बंद करू नकोस. जुन्या गाड्या अशाच चढतात, कोणी सांगितलं नाही का तुला?

बाहेर एकशे सहा. हीटर लावला. काटा लगेच खाली आला. मी वर गेलो. गुडघ्यांवर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं झालं. गॉगलच्या तारेने कान भाजला.

दुसऱ्या वळणावर दार उघडलं.

१४ ऑगस्ट, संध्याकाळ
फोन केल्यावर मॅक्सीन शेजाऱ्यांच्या गाडीतून आली. मी कुठे थांबलोय ते बघून इतकी हसली की रस्त्याकडेच्या दगडावर बसावं लागलं. म्हणाली, अरे गाढवा, बाबा दर वर्षी हीटर लावूनच हा घाट चढायचे. म्हणून तर अंगात शर्ट नसायचा. तुला काय वाटलं, पायाचे अंगठे धरायला क्लासला पाठवलं मी तुला?

मग हसणं थांबलं. शेळ्यावाल्याला तिने कालच नाही म्हणून कळवलं होतं. म्हणाली, ट्रक तुझाच आहे. ज्या दिवशी आत बसून राहशील, त्या दिवशी जा.

ड्रायव्हरच्या सीटवर आडवं होता येत नाही, ही या गाडीतली मूळ चूक आहे, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं.

१५ ऑगस्ट
सराव सुरू. ट्रक अंगणात. इंजिन चालू, हीटर फुल, काचा खाली, दार बंद. मॅक्सीन आणि मिसेस पेट्रोसियान समोर सावलीत खुर्च्या टाकून कलिंगड खात बसल्यात. बसू देत. आज शेवटपर्यंत. लिहून ठेवतो.

१५ ऑगस्ट, थोड्या वेळाने
बाहेर यावंच लागलं. फोन वाजत होता.

शेजाऱ्यांच्या घरात.