गुद्रुनला प्लग मिळाला त्याची हकिगत

तीर्थस्वरूप ओर्लिनमामांस,

भाचा आर्लोचा नमस्कार, आणि व्हर्नामामींनाही तोच. इकडे आई, मी आणि कुत्रा, तिघंही जिवंत आहोत. उणे पस्तीसमध्ये याहून जास्त खुशाली कोणी विचारू नये. मामींचा गुडघा ॲरिझोनाच्या उन्हात सैल झाला असेल अशी आशा करतो. तुम्ही पाठवलेला फोटो पोचला. त्यात तुम्ही ऐन जानेवारीत अर्ध्या चड्डीत संत्र्याच्या झाडाखाली उभे आहात. आईनं तो फ्रिजवर लावला. मी तो उलटा करून लावला. मिनेसोटात जन्मलेल्या माणसाचे गुडघे जगानं पाहावेत हे मला पटत नाही, एवढंच. राग मानू नये.

आता तुमच्या पत्रातल्या मुद्द्याकडे वळतो. क्लेटन ब्रॉटन (बियाणांच्या दुकानवाल्याचा तो दात दाखवणारा मुलगा) गुद्रुनला विकत मागतोय, आणि तुम्ही लिहिता, "ट्रकची खरी स्थिती कळव, महिनाअखेर त्याला उत्तर द्यायचं आहे." मामा, त्याच्याकडे यंदाचाच नवा ट्रक आहे. त्याची सीट बसणाऱ्याला खालून गरम करते (माणसानं कुठून गरम व्हावं यालाही काही मर्यादा असावी). त्याला तेवीस वर्षांची गुद्रुन कशाला हवी? तिचे भाग सुटे करायला, आणि मी पायी फिरावं म्हणून. गुद्रुन गेली की माझं बर्फ लोटायचं काम गेलं, आणि काम गेलं की लिंडालांच्या रस्त्यावर जायला मला निमित्त उरत नाही. सिग्नी लिंडालचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुम्ही खरी स्थिती विचारलीत, मी खरी स्थिती कळवतोय.

तर ऐका. तुम्ही या ट्रकला मामींच्या आईचं नाव दिलंत आणि मामींना अजून वाटतं की तो त्या माउलीचा सन्मान आहे. एकदा चालवून पाहिला असता तर त्यांनी तुम्हाला सोडलं असतं. रस्त्यावरच्या मिठानं तळ खाल्ला आहे. ड्रायव्हरच्या पायाखालच्या भोकावर मी पत्रा टाकला आहे. (मामी दोन वर्षं शोधत होत्या तो बिस्किटांचा ट्रे हाच.) हीटर आहे, पण तो फक्त डाव्या घोट्यावर प्रसन्न होतो, उरलेला मी गोठतो आणि घोटा भाजतो. उजवीकडचं दार बाहेरूनच उघडतं, म्हणून शेजारी बसणाऱ्यानं स्वभावानं सोशिक असावं. बर्फ लोटायचं पुढचं पातं सरळ उचलून धरलं की वारा अडतो आणि इंजिन उकळतं, म्हणून ते तिरकं धरून चालावं लागतं आणि सगळ्या गावाला वाटतं की मी कोणाला तरी नाक मुरडत चाललोय. (बहुतेक वेळा ते खरंही असतं.) मागे वजनाला टाकलेल्या वाळूच्या गोण्या ऑक्टोबरातच एकमेकींना चिकटून एक शिळा झाल्या आहेत. आणि ब्रेक! ब्रेक दाबला की गुद्रुन विचार करते. तिचा विचार पूर्ण व्हायच्या आत थांबायचं असेल तर पातं धाडकन रस्त्यावर सोडायचं. ही थांबण्याची पद्धत तुम्हीच मला वयाच्या चौदाव्या वर्षी शिकवलीत, आणि त्या दिवशी मामींना "नवा आवाज आहे, काही नाही" असं सांगितलंत.

हे सगळं मी कॉलेज सोडून का करतोय, असं आईमार्फत तुम्ही पुन्हा विचारलंत. पुन्हा सांगतो. डलूथच्या कॉलेजात उष्णतेचं शास्त्र शिकवणारे जे प्राध्यापक होते, त्यांनी आयुष्यात एकदाही गोठलेलं इंजिन सुरू केलेलं नव्हतं. त्यांची गाडी तळघरातल्या गरम गॅरेजात झोपायची. अशा माणसाकडून मी उष्णता शिकायची? मी भर वर्गात उठलो आणि आलो. सिग्नी त्याच आठवड्यात आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून घरी परतली होती, हा निव्वळ योगायोग.

आमची गिऱ्हाइकं तुम्हाला ठाऊकच आहेत. क्वामबाई अजून खिडकीत उभ्या राहून हातवारे करतात. त्यांची फुलझाडं चार फूट बर्फाखाली गाडली आहेत, आणि मी त्यांच्यावर पाचवा फूट टाकू नये असा त्यांचा आग्रह आहे. का, तर "त्यांना दडपल्यासारखं वाटतं." मी काच खाली करून म्हटलं, "बाई, ती मेलीत." तेव्हापासून त्या मला फक्त पातळ मुरंबा देतात. पण ह्या बायकाबापड्या परवडल्या. खरा अडाणी म्हणजे क्लेटन. नोव्हेंबरात लिंडालांच्या वाटेचं काम त्यानं मिळवलं, कारण हाल्वर लिंडालनं (सिग्नीचा बाप, तळ्याकाठच्या मासेमारीच्या खोल्यांचा मालक, दिवसाला अकरा शब्द बोलणारा) त्याचा नवा ट्रक पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. आता पहिल्या बर्फाचा ढीग जितका मागे लोटाल तितकी जागा जानेवारीत मिळते, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही कळतं. क्लेटनला सीट थंड होण्याची भीती. त्यानं प्रत्येक वेळी जेमतेम ट्रकाएवढी वाट काढली आणि ढीग जागच्या जागी ठेवला. बर्फावर बर्फ चढून, गोठून, नाताळपर्यंत त्या वाटेची बोळकंडी झाली. पंधरा दिवसांपूर्वी घर तापवायच्या गॅसची टाकी भरायला आलेली गाडी आत शिरेना आणि तशीच परत गेली. हाल्वर म्हणाला, "जरा अरुंद आहे." मामा, त्या तोंडून ही शिवी आहे.

तर गेल्या मंगळवारी, वादळानंतर, आमच्याकडे फोन वाजला. सिग्नी होती. म्हणाली, "आर्लो, घरात गॅस दोन दिवसांचा उरलाय. तुझी ती म्हातारी चालते का?" मी म्हटलं, "चालते? धावते!" (ही एक अतिशयोक्ती तेवढी या पत्रात माफ असावी.)

आता तुम्हाला त्या घराच्या प्लगांची गोष्ट सांगितली पाहिजे. लिंडालांच्या ओसरीवर दोन प्लग आहेत. एक हाल्वरच्या गाडीला, दुसरा पाहुण्याला. या गारठ्यात इंजिनाला विजेची ऊब मिळाली नाही तर दोन तासांत त्याचा धोंडा होतो, म्हणजे तो दुसरा प्लग कोणाला मिळतो यावरून त्या घरात कोणी किती वेळ बसलेलं चालेल ते समजतं. नाताळात मी तिथे भेटायला गेलो तर क्लेटनच्या ट्रकाला नारिंगी वायर लावलेली. मला "कॉफी घेणार?" म्हणून विचारलं आणि मी पहिल्याच वेळी "हो" म्हटलं. त्यावर सिग्नीच्या आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बुटांसकट टेबलावर चढलो. (दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा "थोडीशी" म्हणायचं असतं, हे मला काय कळत नाही? पण मला खरंच हवी होती.) तास दीड तासानं बाहेर आलो तर गुद्रुन ठार. हाल्वर दारात उभा राहून म्हणाला, "चालायला बरी हवा आहे." मी चार मैल चाललो. त्या चार मैलांत मी त्या घराबद्दल जे जे बोललो ते बर्फात अजून गोठलेलं असेल. वसंतात वितळलं की सगळ्या गावाला ऐकू येईल.

तर मंगळवारी मी गेलो आणि बोळकंडीच्या त्या बर्फाच्या भिंतींना भिडलो. क्लेटनचा नवा ट्रक असता तर पुढचा भाग चेपला म्हणून रडत बसला असता. गुद्रुनच्या अंगावर चेपायला जागाच उरलेली नाही. मागे यायचं, पातं उचलायचं, धडक द्यायची. तीन तासांत ती वाट इतकी रुंद केली की दोन वराती शेजारून जाव्यात. आणि शेवटच्या वळणावर, थेट ओसरीसमोर, पातं खाली गेलं ते वर येईना. बटण दाबलं की पातं उचलणारा पंप कण्हायचा आणि गप्प व्हायचा. दुपारचे साडेचार, म्हणजे अंधार पडलेला. पातं जमिनीला खिळलेलं, ट्रक वाटेच्या मधोमध, आणि गॅसची गाडी सकाळी यायची होती.

सिग्नी टॉर्च घेऊन आली. मी पंप खोलला. तेलात पाणी शिरून त्याचा बर्फ झाला होता आणि आतल्या जाळीत अडकला होता, हे मी क्षणात ओळखलं. सिग्नीचं केस वाळवायचं यंत्र मागवलं. हाल्वर नारिंगी वायर घेऊन बाहेर आला आणि ते यंत्र त्या दुसऱ्या प्लगला जोडलं. मी गरम वाऱ्यानं जाळी मोकळी केली, जुनं तेल काढलं, नवं भरलं. टॉर्च धरणाऱ्या व्यक्तीचा हात सारखा हलत होता आणि ती "उजवीकडे, अरे उजवीकडे" असं काहीतरी म्हणत होती, त्यामुळे वेळ लागला. पण बायकांना यंत्रातलं कळत नाही म्हणून मी मनावर घेतलं नाही. पातं उचललं गेलं तेव्हा माझ्या मिशा गोठून एक झाल्या होत्या.

आणि मग, मामा, हाल्वर लिंडालनं केस वाळवायच्या यंत्राची पिन काढली आणि त्याच वायरला गुद्रुनची पिन लावली. एक शब्द न बोलता! मग म्हणाला, "आत ये. कॉफी आहे." मी नको म्हटलं. पुन्हा म्हणाला, मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारायला तो इतका वेळ थांबला की माझं काळीज गोठलं, पण विचारलं. मी दोन तास बसलो. बटाट्याच्या पोळ्या खाल्ल्या. सिग्नी समोर बसून हात पुसत होती. हाल्वर म्हणाला, "काम फार वाईट नाही." (त्याच्या लग्नात त्यानं बायकोबद्दल हेच म्हटलं होतं म्हणतात.) मग बराच वेळ कॉफीत बघून म्हणाला, "ट्रक कुणाचा?" त्यावर मी काय उत्तर दिलं ते महत्त्वाचं नाही.

निघालो तेव्हा मी जमिनीवर नव्हतो. इंजिन एका फिरकीत सुरू झालं. नव्या रुंद वाटेनं मी पातं तिरकं धरून राजासारखा निघालो, तर रस्त्यावरून क्लेटन वळून माझ्या मागे लागला आणि भोंगा वाजवायला लागला. जळतोय मेला, असं म्हणून मी खिडकीतून हात हलवला. तो आणखी वाजवायला लागला. मी आणखी हलवला. असं अर्धा मैल चाललं. शेवटी याला दोन शब्द सुनवावेत म्हणून मी थांबलो, म्हणजे पातं सोडलं. क्लेटनला ही थांबण्याची पद्धत ठाऊक नसल्यामुळे तो मला चुकवायला गेला आणि स्वतःच नोव्हेंबरात रस्त्याकडेला रचलेल्या ढिगात आरशापर्यंत शिरला. मी उतरून मागे पाहिलं. गुद्रुनच्या पुढून निघालेली नारिंगी वायर तिच्या पोटाखालून मागे पसरली होती. वायरच्या टोकाला प्लग होता, प्लगाला ओसरीची फळी होती, आणि फळीला ओसरीचा दिवा. दिवा फुटला नव्हता, हे नमूद करतो. क्लेटनला मी साखळीनं ओढून बाहेर काढलं. नव्या ट्रकाला जुन्यानं. त्यानं आभारसुद्धा मानले नाहीत; सीट अजून गरम असणार.

तर ही खरी स्थिती. ट्रक गंजका, हट्टी, बहिरा आणि वाईट चालीचा आहे. असा माल कोणा भल्या माणसाला विकणं पाप आहे, आणि क्लेटनला विकणं त्याहून. मला स्वतःला तो फुकट दिला तरी नको, पण तुमच्यासाठी सांभाळीन म्हणतो. मामींना नमस्कार. चड्डी लांब घालावी.

तुमचा भाचा,
आर्लो

ता. क. हाल्वरला मी "ट्रक माझा" असं सांगितलं आहे. दुसरं काय सांगणार? तो म्हणाला, "रविवारी ओर्लिनला फोन करतो. बरेच दिवस झाले." हाल्वरनं अकरा वर्षांत कोणाला फोन केलेला नाही. तेव्हा रविवारी फोन आला की तेवढं "हो, आर्लोचा" म्हणावं, आणि ते खोटं वाटू नये म्हणून त्याआधी गुद्रुन खरोखरच माझ्या नावावर करावी. कागद सोबत आहे. सही कुठे करायची तिथे खूण केली आहे.

ता. क. दुसरा. तुमच्या सुतारकामाच्या पेटीची किल्ली कुठे आहे? शनिवारी ओसरी दुरुस्त करायला बोलावलं आहे. क्लेटनला बोलावलेलं नाही. पाकीट सिग्नी टपालात टाकणार आहे. गोंद नाही म्हणून उघडंच दिलंय. ती वाचणाऱ्यातली नाही.

*

ओर्लिनकाका, मी सिग्नी. गुद्रुन क्लेटनला देऊ नका. आर्लोच्या नावावर करायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा, पण फोनवर बाबांशी खोटं बोलू नका. ते पातं त्यांनीच तुम्हाला विकलं होतं, तेव्हा मी गाडीत मागे बसले होते. ट्रक कुणाचा हे त्यांना ठाऊक आहे, हा काय सांगतो ते त्यांना बघायचं होतं. त्यानं सांगितल्यावर बाबा शेडमध्ये जाऊन हसून आले. मी त्यांना हसताना दुसऱ्यांदाच पाहिलं.

किल्ली कळवा. आणि बाकी सगळं त्यानं लिहिलंय तसंच झालं, फक्त टॉर्च त्यानं धरला होता.