दोन प्लेटांतला फरक

नागपूर,
११ ऑगस्ट १९८५

प्रिय प्रेमिलाबाई,
सप्रेम जयभीम.

आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले देवराव परवा सदर बाजारात भेटले. तुम्ही कोराडीच्या शाळेत विज्ञान शिकवता, असं त्यांच्याकडून कळलं. पत्ताही त्यांनीच दिला. मी मार्चमध्ये निवृत्त झालो. गुडघे कुरकुरतात, आणि आमच्या मंडळींच्या मते गुडघ्यांपेक्षा मीच जास्त कुरकुरतो.

पत्राचं कारण वेगळं आहे. कॉलेजच्या वाचनालयात एक परदेशी नियतकालिक वाचलं. आपण ज्या म्हाताऱ्या, कार्बनानं भरलेल्या ताऱ्यांवर काम करत होतो, त्यांच्यावर लेख आहे. ते तारे म्हणे एकटे नसतात, जोडीनं फिरतात. त्यांच्यातला कार्बन त्यांचा स्वतःचा नाही. जोडीदारानं तो आपल्या पोटात शिजवला, यांच्यावर ओतला आणि स्वतः विझून गेला. त्यांच्यात सापडणारं बेरियमही तिथूनच आलं.

हे मी १९६७ सालीच तुमच्या तोंडून ऐकलं होतं. दक्षिणेतल्या वेधशाळेतून एकाच ताऱ्याच्या वर्णपटाच्या दोन काचेच्या प्लेटा आल्या होत्या, दीड वर्षाच्या अंतरानं काढलेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली आठवडाभर मोजून तुम्ही म्हणालात, "सर, दुसऱ्या प्लेटीवर साऱ्या रेषा सरकल्या आहेत. म्हंजे तारा मांगं-पुढं हालून राह्यला. हा तारा एकटा नाही वाटत मले. कार्बन त्याले दुसऱ्यानं देला असन." मी म्हणालो, प्लेट वाकडी बसवली असेल. माझा शोधनिबंध नुकताच टपालात पडला होता, आणि त्यात तारा एकटाच होता.

इतकी वर्षं मी याला चूक म्हणत आलो. ती चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी तुम्ही येण्याआधी मी दोन्ही प्लेटा स्वतः मोजल्या. रेषा सरकलेल्या होत्या. प्लेटा कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं.

हेच सीताबर्डीवरच्या एखाद्या उच्चवर्णीय वकिलाच्या मुलीनं सांगितलं असतं, तर मी निबंध परत मागवला असता. मी उमरेडच्या विणकराचा मुलगा. मला तरी असं वागायला नको होतं. लाज वाटते.

अजून एक राहिलं. संशोधनवृत्तीसाठी तुम्ही माझं शिफारसपत्र मागितलंत. बंद लिफाफ्यात मी लिहिलं, 'मोजमापात निष्काळजी.' वृत्ती का नाकारली, हे तुम्हाला कधी कळलं नसावं. पत्र दिल्याबद्दल आभार मानायला तुम्ही वडिलांना घेऊन घरी आला होतात. माझ्या आईनं तुम्हा दोघांना चहा दिला. तुमच्यासमोर बसून मीही प्यालो.

विद्यापीठाला आज रजिस्टर टपालानं पत्र पाठवतो आहे. प्रत सोबत जोडली आहे. मापं तुमची होती, बरोबर होती आणि मी ती लपवली, असं त्यात लिहिलं आहे. त्यानं तुमची गेलेली वर्षं परत येणार नाहीत, हे मला कळतं.

कोराडीला यायला निघून दोनदा बसस्टँडवरून परत फिरलो. तुम्ही बोलवाल त्या दिवशी येईन. तुमच्या वर्गासमोर उभं करून हे सांगायला लावलंत, तरी सांगेन.

उत्तर दिलंत, तर मला 'सर' लिहू नका.

ईश्वरदास बारापात्रे