चार बोटं अंतर

११ नोव्हेंबर, मंगळवार
ओठाच्या डाव्या कोपऱ्यात चुरचुर सुरू झाली. ही ओळख जुनी आहे — आधी चुरचुर, मग आग, मग फोड. आणि वेळ तरी कशी साधली! रविवारी भावाच्या, प्रज्वलच्या मुलीचं बारसं.

१२ नोव्हेंबर
चार फोड, एकाला एक चिकटून. चहा पिताना डोळ्यांत पाणी आलं. जांभई यायची भीती वाटते. आई मात्र खूश. "गेल्या आठवड्यातला ताप अंगात मुरला होता, तो जर होऊन ओठावर बाहेर पडला. बरं झालं." साजूक तूप लाव म्हणाली. लावलं. आग तशीच.

दुपारी मीनलचा, भावजयीचा, फोन — "ताई, नाव तुम्हीच ठेवायचं. ऋता. आत्ताच कुणाला सांगू नका हं."

घटस्फोटानंतर शिरगावला आईकडे परत आले, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मला कुणी कशाला पुढे बोलावत नाही. हळदीकुंकवाला मी स्वयंपाकघरात असते. पण आत्या मीच. ते कुणाला काढून घेता येत नाही.

१३ नोव्हेंबर
उल्हासनगरला दुकानात दिवसभर मास्क लावून पडद्यांचं कापड दाखवलं. मास्क फोडांना चिकटतो, काढताना जीव जातो. मालकीणबाई म्हणाल्या, "अरे, डॉक्टर को दिखा ना. कब तक मुँह छुपाएगी?"

गेले. डॉक्टरीणबाईंनी मलम आणि गोळ्या दिल्या. बर्फ रुमालात गुंडाळून धरा, हात लावू नका, टॉवेल वेगळा ठेवा. मग विचारलं, "घरात तान्हं बाळ आहे?" माझ्या तोंडून 'नाही' निघून गेलं. खोटं नव्हतं — घरात नाही, अंबरनाथला आहे. त्या म्हणाल्या, "असलं तर पूर्ण बरं होईपर्यंत जवळ जायचं नाही. आपल्याला नुसता फोड. तान्ह्या बाळाच्या मेंदूपर्यंत जातं."

१४ नोव्हेंबर
फोड फुटले. पाणी सुटलंय. आईला डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. "आमच्या वेळी सगळ्यांनाच जर यायचा. कुणाचं पोर मेलं?" मग हळूच — "तू मागे झालीस तर नाव राजसी ठेवेल." राजसी म्हणजे चुलतबहीण. नवरा, दोन मुलं, सगळं जागच्या जागी. मला तिचा राग येतो, आणि त्याची लाजही वाटते.

१५ नोव्हेंबर
खपली धरली, पिवळट. तिच्यावर लिपस्टिक लावून पाहिली. दिसत नाही. आरशासमोर चार बोटं मोजली — एवढ्या अंतरावरून नाव सांगायचं. श्वास रोखून. मुका घ्यायचा नाही. एवढं तर जमेल.

१६ नोव्हेंबर, रविवार
जमलं नाही.

पाळण्यावर वाकले. चार बोटं अंतर ठेवलं होतं. 'कुर्रर्र' म्हटलं आणि पाठीत धपाधप बुक्के! आत्याला मारायचेच असतात, हसत हसत. एवढी तयारी केली आणि हेच विसरले. राजसीचा बुक्का जोरात बसला. माझे ओठ सरळ ऋताच्या कानावर. कान मऊ होता, गरम होता.

पदराने पुसला. पदराला लिपस्टिक लागली, आणि खपलीचा तुकडा. बायका म्हणाल्या, आत्याची माया बघा किती.

१९ नोव्हेंबर
ओठ बरा. झणझणीत रस्सा खाल्ला, काही दुखलं नाही. मीनलला रोज विचारते — दूध पिते ना? "पिते हो ताई. किती काळजी करता."

२१ नोव्हेंबर
सांगावं का? फोन दोनदा हातात घेतला. काही झालंच नाही तर उगाच जन्मभर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

२३ नोव्हेंबर
मीनलचा फोन. ऋता सकाळपासून दूध ओढत नाही, नुसती झोपून आहे. कानामागे बारीक पुरळ. आई म्हणाली, "घामोळं असेल." या थंडीत? मी मीनलला म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. का, ते सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर
ऋता काचेच्या पेटीत आहे. हाताला सुई लावली आहे. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर बोलावून विचारलं — एवढ्यात घरात कुणाच्या ओठाला फोड आले होते? मीनल म्हणाली, कुणालाच नाही. प्रज्वलने मान हलवली. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही हो डॉक्टर."

मी हात वर केला.