हिरवी खूण आली म्हणजे काम झालं

सोमवार, ३ जून
'मेल पाहिला होता, पण काम राहून गेलं' हे वाक्य आता या ऑफिसात ऐकू येणार नाही. मी ॲड-इन लिहितोय, मेलच्या प्रोग्रॅमला जोडायचं जादा बटण. मेल उघडा, बटण दाबा, टास्क बनून ज्याच्या त्याच्या फोल्डरात. साहेबांना शुक्रवारचा डेमो कबूल केलाय. या महिन्यात टीम लीड नेमायचाय. माझ्याशिवाय आहे कोण? समोरच्या टेबलवरची टेस्टर म्हणे. दुसऱ्याच्या चुका काढण्याचा पगार घेते बाई.

बुधवार, ५ जून
टास्क बनतो, पण पडतो भलत्याच फोल्डरात. 'खरेदी'त टाक म्हटलं तर ढिम्म. फोल्डरचं नाव चालत नाही, आयडी लागतो. आयडी म्हणजे हातभर लांब अक्षरांची आगगाडी. हे ज्याने बनवलं त्याला माझ्यासमोर उभा करा.

संध्याकाळ. माझ्या मेलबॉक्समधल्या फोल्डरांचे आयडी सरळ कोडमध्ये चिकटवले. लॉगिनही माझंच घातलं. पळालं. टेस्टर म्हणाली, दुसऱ्याच्या मशीनवर चालवून बघ. जळकी.

शुक्रवार, ७ जून
डेमो झकास. माझ्याच लॅपटॉपवर दाखवला. लगेच ॲड-इन सगळ्यांच्या मशीनवर टाकलं.
बायकोला सांगितलं, ऑफिसात फोन नको, मेल कर, मी बटण दाबीन. म्हणाली, नुसतं लक्षात ठेवलंस तरी पुरे. सिस्टिम म्हणून काही कळत नाही लोकांना.

मंगळवार, ११ जून
डोकं फिरलंय. अकाउंट्सच्या ताई म्हणतात, बटण दाबते, हिरवी खूण येते, फोल्डर रिकामाच. खरेदीवाल्याचीही तीच रड. ताईंना स्वतःची फाइल कुठे सेव्ह केली ते सापडत नाही आणि दोष माझ्या कोडला. सगळ्यांना मेल ठोकला: बटण नीट दाबा. 'नीट' ठळक अक्षरात.

गुरुवार, १३ जून
बायकोचा मेल. तिचे वडील येताहेत, आबांना शनिवारी सकाळी स्टेशनवरून आणायचं. बटण दाबलं, फोल्डर 'घर', हिरवी खूण. विषय डोक्यातून काढून टाकला. यासाठीच तर सगळा खटाटोप.

शनिवार, १५ जून
मस्त झोपलो होतो. बेल वाजली. दारात सासरे, दोन्ही हातांत बॅगा, घामाघूम. म्हणाले, जावईबापू कामात असतील. बायकोने त्यांच्या हातातल्या बॅगा घेतल्या आणि पाणी आणायला गेली. ती भांडली असती तर मलाही तोंड उघडता आलं असतं. टास्क केला होता मी. आता फोल्डर उघडून बघत बसायलाही मीच?

सोमवार, १७ जून
टेस्टरने सगळ्यांदेखत माझे फोल्डर उघडायला लावले. बनवल्यापासून मी ते एकदाही उघडले नव्हते. अख्ख्या ऑफिसची कामं तिथे. ताईंचा टॅक्स, खरेदीवाल्याची ऑर्डर, साहेबांची दाताची अपॉइंटमेंटसुद्धा. बटण कोणीही दाबो, पत्ता माझाच. ताई म्हणाल्या, मी नीटच दाबत होते. 'घर'मध्ये एकटे आबा, मुदत उलटली म्हणून लाल रंगात. टेस्टरने तेही वाचलं आणि फोल्डर मिटला. तिचा फार राग आला. बोलली असती तर कमी आला असता.

मंगळवार, १८ जून
टीम लीड ती. ॲड-इन बंद. ज्याचं काम त्याला टेबलावर जाऊन तोंडी सांगायचं आणि माफी मागायची, हे माझं पहिलं काम. साहेबांपासून सुरुवात केली. गालाला हात लावून बसले होते.
घरी आलो. आबांना म्हणालो, रविवारी मी स्टेशनवर सोडतो, बटणबिटण काही नाही, नक्की सोडतो. ते अवघडून हसले. म्हणाले, टॅक्सी सांगून ठेवलीय, तुम्ही कामात असाल.